वापरलेला किकर कोर घ्यावा का?

चार वर्षे वापरलेला वाहू कंपनीचा किकर कोर (मागचे चाक काढून सायकल ज्यावर बसवून घरातच चालवता येते असा ट्रेनर), बिल नाही, वॉरंटी संपलेली, आणि पावसाळ्यात ठाण्यातल्या घरी सराव चालू ठेवायचा आहे, अशी आपली परिस्थिती आहे. माझ्या मते यंत्र घेण्याजोगे आहे, परंतु विक्रेता आपल्याला आपलीच सायकल त्यावर चढवून अर्धा तास चालवू देणार असेल तरच. नुसता व्हिडिओ पाहून सुमारे १८ किलोचे हे धूड कुरियरने मागवणार असाल, तर व्यवहार सोडून द्यावा.

आपण किमतीची तुलना नव्या कोरशी केली आहे, ती मला पटत नाही. तुलना करायची ती थोडी भर घालून वॉरंटीसह मिळणाऱ्या एखाद्या साध्या, नव्या ट्रेनरशी. बेल्ट किंवा बेअरिंग बदलता येते. सर्किट बोर्ड गेला तर मात्र वॉरंटीबाहेरचे यंत्र बहुधा अडगळीतच जाते. हा धोका आपण पत्करत असल्याने नव्याच्या निम्म्याहून अधिक किंमत मी तरी देणार नाही.

चाचणीला जाताना फोनमध्ये वाहूचे ॲप घालून जावे. पहिली दहा मिनिटे सहज पेडल मारून यंत्र गरम होऊ द्यावे, मग ॲपमधून स्पिनडाऊन (यंत्राचे मोजमाप जुळवण्याची चाचणी) करावे, म्हणजे ॲप सांगेल त्या वेगापर्यंत नेऊन पाय थांबवावेत आणि फ्लायव्हील (यंत्रातले जड फिरते चाक) आपोआप मंदावू द्यावे. ते वारंवार अयशस्वी झाले तर तिथेच थांबावे. त्यानंतर अर्ग मोडमध्ये (यात यंत्र ठरवलेला भार स्वतःच राखते) १५० वॅट, मग एकदम २५० वॅट लावून पाहावे. भार काही सेकंदांत चढून स्थिरावला पाहिजे. जड गिअरवर उभे राहून जोर लावताना पेडल क्षणभर निसटल्यासारखे वाटले, तर बेल्ट किंवा फ्रीहब (ज्यावर गिअरचक्रे बसतात तो भाग) यांपैकी काहीतरी घसरते आहे. हा कोर २०१८ साली आला, तेव्हा सुरुवातीच्या काही यंत्रांच्या ठकठक आवाजाबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या होत्या; म्हणून पंखा बंद करवून कान देऊन ऐकावे. शेवटी प्लग काढून कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) हाताने आडवी हलवून बघावी आणि बोल्टांवर घामाचा गंज आहे का तेही पाहावे. आपल्याकडच्या दमट हवेत ही खूण बरेच काही सांगून जाते. (त्याच पैशांत चांगल्या अवस्थेतला टॅक्स निओ हा दुसऱ्या कंपनीचा ट्रेनर मिळाला तर तोही पाहावा, त्यात बेल्टच नसतो आणि तो विजेशिवायही चालतो.)

कोर मुळात कॅसेटविना विकला जात असे, त्यामुळे बसवलेली कॅसेट सौद्यात आहे का हे आधीच विचारावे. आपली सायकल १० स्पीड शिमानोची असल्याने कॅसेटमागे योग्य स्पेसर (अंतर भरणारी पातळ कडी) लागेल. क्विक रिलीजचे (सायकल यंत्रावर पक्की बसवणाऱ्या दांड्याचे) अडॅप्टर आणि मूळ पॉवर अडॅप्टर यांपैकी काही हरवले असेल, तर त्याची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी.