नवीन ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) घेतलाय, नाताळच्या सुट्टीत आठ-दहा मित्र जेवायला येणारेत, घरी काय बेक करू? त्यातले दोघं अंडं खात नाहीत

मी जळगावचा आहे, बेकिंगचं वेड कॉलेज संपल्यापासून लागलंय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं आणि महत्त्वाचं, सगळं जेवण ओव्हनमधून काढायचा विचार आजच सोडा. घरचा ओटीजी एवढासा असतो, एका वेळी एकच ट्रे नीट भाजतो, आणि दहा जण एकदम भुकेले बसले की तुम्ही स्वयंपाकघरात काचेतून आत डोकावत बसणार आणि बाहेर मंडळी फरसाणावरच पोट भरणार. म्हणून ओव्हनला फक्त अशी कामं द्या जी आदल्या दिवशी किंवा सकाळी उरकतात, आणि गरमागरम जे काय लागतं ते पाहुण्यांनाच करायला लावा. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भरीताचे दिवस, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटतो. बामणोदकडची ती मोठी पांढरट-हिरवी वांगी (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय) आणायची, शेतात नाहीतर गच्चीवर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि ज्याला त्याला वांगी फिरवायला बसवायचं. हिरव्या मिरच्या त्याच जाळावर भाजायच्या, लसणासोबत ठेचायच्या, मग वांगं लाकडी मुसळीनं कुटायचं, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेलाची सढळ फोडणी. वांगी ओव्हनमध्ये भाजू नका हो, शिजतात बरोबर पण धुराचा वास येत नाही, आणि धूर नसेल तर ते भरीत नुसती वांग्याची भाजी.

आता बेक काय करायचं, तर आदल्या दिवशी केळ्याचा केक. आम्हाला केळी काय, रावेर-यावल शेजारीच, पण तुम्ही कुठेही असलात तरी सालीवर काळे ठिपके आलेली, हाताला मऊ लागणारी घ्या, कारण केळं पिकतं तेव्हा त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि पिवळीधमक कडक केळी घातली तर केक फिका लागतो. तीन मोठी केळी, म्हणजे साधारण पावकिलोच्या थोडा वर गर, १८० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गूळ पावडर किंवा साखर, ८० मिली तेल, पाऊण चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. १७० अंश सेल्सिअसला पन्नास मिनिटं ते एक तास, मध्ये सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, ओलावा सगळीकडे पसरतो, म्हणून आदल्या दिवशी करा म्हणतोय. मैद्याचा तिसरा हिस्सा ज्वारीचं पीठ घातलं तरी चालतं, केकला चिवटपणा नकोच असतो. पावात मात्र ज्वारी घालायच्या भानगडीत पडू नका, तिच्यात ग्लुटेन नसतं, पाव फुगत नाही.

पावाचं म्हणाल तर थंडी तुमच्या बाजूने आहे. इकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा बर्फाचं पाणी घालून मळलं तरी पीठ तासाभरात भांड्याबाहेर येतं, फुगतं पण चव धरत नाही. डिसेंबरात रात्री दहाला मळून ओट्यावर झाकून ठेवा, सकाळी सातला तयार. अर्धा किलो मैद्याला (त्यातला १०० ग्रॅम गव्हाचं पीठ घेतलं तर चव छान येते, पण चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं, हळूहळू वाढवा) फक्त पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, दोन चमचे साखर, दोन चमचे तेल आणि दूध-पाणी मिळून ३२० मिलीच्या आसपास. एवढंसं यीस्ट बघून लोक घाबरतात आणि अजून एक चमचा टाकतात, टाकू नका, रात्रभराचा वेळच ते काम करतो. सकाळी गोळे करून ट्रेमध्ये चिकटून ठेवा, बंद ओव्हनमध्ये खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून दीड-दोन तास फुगू द्या, मग बाहेर काढून ओव्हन तापवा आणि १९० ला वीसेक मिनिटं. भरीत आणि पाव हे कॉम्बिनेशन आमच्या आईला अजूनही पटत नाही, तिच्या मते कळण्याची भाकरी नाहीतर पुरी, बाकी सगळं थेर. बरोबरच आहे तिचं, पण शहरातून येणारी पोरं पावावर तुटून पडतात.

आणि एक प्रयोग जो मी कुणालाही करायला सांगेन, कळण्याच्या पिठाची खारी बिस्किटं. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मिठासोबत एकत्र दळलेलं पीठ, उडदामुळे त्याला थोडा चिकटपणा असतो म्हणून बिस्किटं फुटत नाहीत. चवीला थोडा मैदा मिसळा, तूप भरपूर चोळा, तीळ, ओवा, पातळ लाटून कापा, काट्याने टोचा, १७० ला कडा लालसर होईपर्यंत. पाहुणे आले की वांगी भाजेपर्यंत हीच पुढे करायची. धुळ्याचा एक दोस्त पहिलं बिस्किट हातात घेऊन म्हणाला, हाई काय शे भो (हे काय आहे भाऊ), आणि मग अख्खा डबा मांडीवर घेऊन बसला.

ओव्हन नवीन आहे म्हणून अजून एक सांगतो, हे मॅन्युअलमध्ये नसतं. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर डायलवरचा आकडा विसरा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, २३० च्या जागी २०० आलं तर जवळपास चौथाई उष्णता कमी, ओव्हन तापायलाच जास्त वेळ घेतो आणि केक मध्ये कच्चा राहतो. त्यामुळे बेकिंग सकाळी किंवा दुपारी उरका आणि एक ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवा, फार महाग नसतो. लाईट गेली तर दार उघडू नका, आतली उष्णता थोडा वेळ तरी टिकते. नवीन ओव्हन पाहुण्यांच्या आधी एकदा रिकामा फुल तापवून घ्या, पहिल्यांदा थोडा धूर आणि वास येतो, तो केकला नको.

अंड्याचं म्हणाल तर दोन केक वेगळे करायची गरजच नाही, सगळ्यांसाठी बिनअंड्याचाच करा. वर दिलेल्या मापात अर्धी वाटी आंबट दही घाला (अंडं घातलं असतं तर दोन लागली असती), दह्याच्या आंबटपणाने सोडा लगेच कामाला लागतो, म्हणून मिश्रण कालवलं की थांबायचं नाही, ओव्हन आधीच तापवून तयार ठेवा आणि टिन सरळ आत.