गाव डोंगरावर, स्टेशन पायथ्याशी

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही इटलीला निघालो आहोत. रोममध्ये चार रात्री, मग फ्लॉरेन्समध्ये तीन. मध्ये एक-दीड दिवस काढून डोंगरावरचं एखादं जुनं गाव बघायचं मनात आहे. मिस्टर म्हणतात, गाडी भाड्याने घेऊ. मी म्हणते, ट्रेन बरी. सोबत सासूबाई आहेत, वय ७४. सपाटीवर तासभर चालतात, पण चढ म्हटलं की गुडघे कुरकुरतात. कुणाचं ऐकावं?
— एक वाचक

उत्तर : सासूबाईंच्या गुडघ्यांचं.

ही गावं डोंगरावर वसली ती शत्रूला चढून येणं जड जावं म्हणून. रेल्वे आली एकोणिसाव्या शतकात, आणि ती गेली खालच्या खोऱ्यातून. त्यामुळे तिकिटावर गावाचं नाव असलं, तरी तुम्ही उतरता पायथ्याशी. असिसीचं स्टेशन गावाच्या चारेक किलोमीटर खाली आहे. कोर्तोनासाठी खाली कामुचियाला उतरून बस धरायची. सान जिमिन्यानोला तर स्टेशनच नाही. तेव्हा ट्रेन की गाडी हे नंतर ठरवा. आधी विचारा, शेवटचा चढ कशाने चढायचा?

या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर ओर्विएतो या डोंगरगावाकडे आहे. रोम–फ्लॉरेन्सच्या जुन्या मार्गावरच ते लागतं, म्हणजे उलटं फिरायला नको. वेगवान गाड्या बहुतेक इथे थांबत नाहीत, रिजनल गाडी घ्या. रोमहून सव्वा-दीड तास, आणि पुढे फ्लॉरेन्सपर्यंत दोन-सव्वादोन. रिजनलचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढून स्वस्त पडत नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्या. हे विसरलं तर तिकीट असूनही दंड होतो.

स्टेशनाबाहेर रस्ता ओलांडला की समोर फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने उतारावर ओढला जाणारा डबा. १८८८ साली सुरू झाला तेव्हा तो पाण्याच्या वजनावर चालायचा, आता विजेवर चालतो. दोन-तीन मिनिटांत वर. तिथून कॅथीड्रलपर्यंत छोटी बस जाते. सासूबाईंना एकही चढ चढावा लागत नाही.

कॅथीड्रलचं काम १२९० मध्ये सुरू झालं. भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि पांढऱ्या ट्रॅव्हर्टिनचे आडवे पट्टे आहेत. दर्शनी बाजू पश्चिमेची, म्हणून दुपारनंतर जा, सोनेरी मोझेइकवर ऊन येतं. पण सगळे मान वर करून मोझेइक बघत असतात, तेव्हा तुम्ही खाली बघा. दारांच्या मधल्या खांबांवर कोरीव काम आहे. डावीकडच्या पहिल्या खांबावर आदम झोपलाय, आणि देव त्याच्या कुशीतून बरगडी काढतोय. शस्त्रक्रियेत भूल दिलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, अगदी तसा त्याचा चेहरा. मी तिथे अर्धा तास उभी होते, आमच्या ह्यांनी दोनदा घड्याळ दाखवलं.

फ्युनिक्युलरच्या वरच्या टोकालाच सेंट पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला, आणि वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने ती खोदवली. खोली ५३ मीटरच्या आसपास. कडेने दोन स्वतंत्र चक्री जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. पाणी आणणारं खेचर एका जिन्याने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, म्हणजे वाटेत कुणाची टक्कर नाही. विहीर पुरी झाली १५३७ मध्ये, क्लेमेंट त्याआधीच वारला होता. तुम्ही दोघं जरूर उतरा. सासूबाईंना वर बागेत बसवा, तिथून खालचं सगळं खोरं दिसतं.

रात्र तिथेच काढा. बॅगांचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे खाली उतरले की गाव गावकऱ्यांचं होतं. जवळचं चिविता दि बान्योरेज्यो फोटोत मोह पाडेल, पण तिथे जायला लांबलचक पादचारी पूल आहे आणि शेवटी तो चांगलाच चढतो. या खेपेस नको.

आता मिस्टरांची गाडी. मी गाडीच्या विरोधात नाही. पिएन्झा, मोन्तेपुल्चानो, मोन्ताल्चिनो ही वाल दोर्चा खोऱ्यातली आणि त्याच्या कडेची गावं एकाच दिवसात बघायची, तर गाडीच हवी. पण एक खरं सांगते. आम्ही अशाच एका गावात संध्याकाळी शिरलो, फोन सांगेल तसे. वेशीवर दिव्यांची पाटी होती : ‘वार्को आत्तीवो’. हे म्हणाले, ‘आत्तीवो’ म्हणजे चालू, रस्ता चालू आहे. अर्थ नेमका उलटा होता : कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका. ‘वाट चुकलो’ म्हणत आम्ही त्याच वेशीतून दोनदा गेलो. आधी भाड्याच्या कंपनीने आमचा पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डावरून कापले. मग परतल्यावर दहा महिन्यांनी दंडाची दोन पत्रं आली, एकेका फेरीचं एकेक. बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या अशा भागाला तिथे झेड-टी-एल म्हणतात. लाल कडेची पांढरी गोल पाटी दिसली की फोन काहीही म्हणो, गाडी बाहेर लावायची. पांढऱ्या रेघांत पार्किंग फुकट, निळ्यांत पैसे भरून, पिवळ्या राखीव.

गाडी घेतलीच तर शहराच्या मधून नको, विमानतळावरून घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढा. आणि पंपावर ‘गासोलियो’ वाचून पेट्रोल समजू नका, ते डिझेल आहे. पेट्रोल म्हणजे ‘बेन्झिना’.

पण बहुतेक डोंगरगावांचे वाहनतळ वेशीबाहेर, उतारावर असतात. म्हणजे गाडीने जाऊनही शेवटचा चढ पायीच. या एका मुद्द्यावर तुम्ही मिस्टरांना हरवू शकता.

प्रश्न : फ्लॉरेन्सहून एकच दिवस आहे, गाडी चालवणार नाही. सिएना की सान जिमिन्यानो?
— दुसरे एक वाचक

उत्तर : सिएना. आणि ट्रेनपेक्षा बसने जा. सिएनाचं स्टेशन दरीत आहे. समोरच्या दुकानसंकुलातून सरकत्या जिन्यांच्या रांगेने वर जाता येतं, पण जलद बस थेट जुन्या गावाच्या कडेला सोडते, सव्वा तासात. २ जुलै आणि १६ ऑगस्ट हे घोड्यांच्या शर्यतीचे दिवस. ती गर्दी बघायची नसेल तर ते टाळा.

सान जिमिन्यानोला पोज्जिबोन्सीमध्ये बदलावं लागतं. एके काळी तिथे ७२ मनोरे होते म्हणतात, आज चौदाएक उरलेत. गाव देखणं आहे, पण बदलीची बस चुकली की दिवस तिथल्या फलाटावर जातो. तरी जाणारच असाल तर वेळापत्रक नीट वाचा. ‘फेरिआले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. रविवारी फेऱ्या फारच कमी, आणि शेवटची बस तुमच्या अंदाजापेक्षा लवकर सुटते. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावरच फोटो काढून ठेवा.