आइस हॉकीत पॉवर प्लेच्या दोन युनिटमध्ये कोणाला कुठे उभं करायचं?

ऐरोलीतले तुम्ही मित्र आइस हॉकीच्या गेममध्ये पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक जण पेनल्टीमुळे बाहेर बसल्यावर आपण पाच विरुद्ध चार खेळतो तेव्हा, सगळ्यात जास्त रेटिंगचे पाच जण पहिल्या युनिटमध्ये, म्हणजे आधी उतरणाऱ्या पाच जणांच्या गटात, टाकता आणि तरी गोल होत नाहीत असं विचारलंयस, तर भावा रेटिंग जरा बाजूला ठेव आणि आधी कोण कुठल्या हाताने शॉट मारतो ते बघ, सगळी गोम तिथेच आहे.

१-३-१ लाव, म्हणजे मागे एक, मध्ये तिघं आणि नेटसमोर एक. मागे ब्लू लाइनजवळ (समोरच्यांचा झोन जिथे सुरू होतो ती निळी रेघ) एकच डिफेन्समन, पण पास देणारा हवा, नुसता दणकट नको. मधल्या तिघांपैकी डावीकडच्या सर्कलवर (बर्फावर आखलेलं गोल वर्तुळ) राइट हँडेड शूटर, कारण समोरून आलेला पक (खेळायची रबरी चकती) त्याला न थांबवता थेट मारता येतो, उजवीकडे शक्यतो लेफ्टी. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधला ओवेचकिन वर्षानुवर्षं तिथूनच मारत आलाय, एप्रिल २०२५ मध्ये ८९५ वा गोल करून ग्रेट्झकीचा लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा रेकॉर्ड मोडला तोही पॉवर प्लेवर, डाव्या सर्कलमधूनच! मी ठाण्यात पहाटे उठून मॅच बघतो ना, ते अशाच गोलांसाठी.

मध्ये जो उभा असतो त्याला लोक उगाच कमी लेखतात, समोरचे चौघे त्याच्याकडे ओढले गेले की बाजूचे दोघं मोकळे होतात, म्हणून तिथे झटपट हात चालणारा दे. नेटसमोर उंच माणूस, गोलीची नजर अडवायला आणि रिबाउंड, म्हणजे गोलीला लागून परत आलेला पक, मारायला.

मायनर पेनल्टी, म्हणजे साध्या फाउलची शिक्षा, दोनच मिनिटांची, त्यामुळे दुसरं युनिट साधं ठेव, शूट करा आणि रिबाउंडवर तुटून पडा.