चार वर्षांच्या मुलीला डच शब्द कसे शिकवावेत?

आपण दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनला आलात, मुलगी शाळेच्या पहिल्या गटात जाऊ लागली आहे आणि घरी चित्रांची कार्डे दाखवली की ती तोंड फिरवते, असे आपण लिहिले आहे. माझा आग्रहाचा सल्ला असा की कार्डे तूर्त कपाटात ठेवावीत आणि शाळा सुटल्यावर रोज त्याच वाटेने तिला फिरायला न्यावे. वाट तीच असली की तोच कालवा, तीच बदके रोज भेटतात आणि उजळणी करून न घेताही शब्दांची उजळणी होते.

गोगलगाय दिसली तर आधी मराठीतच मनसोक्त बोलावे, कारण ओळखीच्या वस्तूला दुसरे नाव जोडणे मुलाला सोपे जाते. मग सहज ‘स्लाक’ म्हणावे. ‘याला काय म्हणतात?’ असे मात्र विचारू नये, त्याने फिरण्याची परीक्षा होते. माझा मुलगा त्या वयाचा असताना ऑक्टोबरमध्ये झाडाखाली बसून काटेरी टरफल बुटाने दाबायचा, आतली तुकतुकीत तपकिरी बी अंगठ्याने पुसायचा आणि प्रत्येक बी खिशात टाकताना ‘कास्टान्ये’, म्हणजे चेस्टनट, म्हणायचा. (रस्त्याकडेच्या या बिया बहुधा रानटी जातीच्या असतात, त्या खाऊ देऊ नयेत.)

नाम उपपदासहित, म्हणजे आधी येणाऱ्या ‘द’ किंवा ‘हेट’सह, उच्चारावे: ‘द एंट’ म्हणजे बदक, ‘हेट ब्लाट’ म्हणजे पान. ‘द’ कोठे आणि ‘हेट’ कोठे हे बहुतेक वेळा नियमाने सांगता येत नाही. झाड ‘ते’ आणि फांदी ‘ती’ हे आपली मुले जशी कानाने शिकतात, तसेच हे आहे. लहानपणा दाखवणारे रूप मात्र एकवचनात नेहमी ‘हेट’ घेते, म्हणून ‘हेट एंच्ये’. आपल्याकडेही कुत्रा ‘तो’ असला तरी पिल्लू ‘ते’च असते. लहान मुलांशी बोलताना डच माणसे ही रूपे सतत वापरतात. वसंतात आम्स्टरडॅमसे बॉस या वनोद्यानातल्या शेळ्यांच्या फार्मवर करडांना बाटलीने दूध पाजता येते. तिथे ‘खैच्ये’, म्हणजे छोटी शेळी, हा शब्द आपोआप कानी पडेल.

नामांइतकीच क्रियापदे हवीत: ‘स्प्रिंगन’ म्हणजे उड्या मारणे, ‘क्लिमन’ म्हणजे चढणे. पावसात बूट घालून ‘प्लास’मध्ये, म्हणजे डबक्यात, उड्या मारू द्याव्यात; याच शब्दाचा दुसरा अर्थ शू असा आहे, तेव्हा ‘इक मूट प्लासन’ हे वाक्य तिला शाळेसाठी आधीच शिकवून ठेवावे. तितकेच निकडीचे दुसरे वाक्य ‘माख इक मेदून?’, म्हणजे ‘मी खेळू का तुमच्यात?’. पकडापकडीला ‘टिकर्च्ये’ म्हणतात आणि ज्याच्यावर राज्य येते त्याला ‘यै बेंट हम!’ असे ओरडून सांगतात. आपण घरीच तिच्याबरोबर दोन-चार डाव खेळावेत, म्हणजे मैदानावर ही हाक आली की पळायचे कोणामागे हे तिला कळेल.