सांगलीत डिझायनर आहे, तीन वर्षं तोच पगार. मालकांकडे वाढ कशी मागू?

"आवडीचं काम मिळालंय ना, मग पैशाचं कशाला काढतोस?" हे मला सख्ख्या भावानं ऐकवलंय, म्हणून लिहायला बसलो.

गणपती पेठेजवळच्या एका छापखान्यात मी सहा वर्षं डिझाइन केलं. लग्नपत्रिका, हळदीची पाकिटं, तासगावच्या बेदाण्याचे बॉक्स. पगार अकरा हजार. दादा म्हणायचा, मालक देवमाणूस आहेत, वेळ आली की आपणहून देतील, तू तोंड उघडू नकोस. चार वर्षं नाही उघडलं. घरभाडं मात्र दरवर्षी वाढत होतं.

पाचव्या वर्षी सगळी जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदीची कार्डं, काढून वहीत उतरवली. काम कुठलं, कुणाचं, किती वेळा छापलं. मालक बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत होते. बेदाण्याच्या एका बॉक्सपाशी बोट थांबलं. स्क्रीनवरचा हिरवा छापल्यावर काळपट येत होता, म्हणून मी सायन, म्हणजे छपाईतली निळसर शाई, कमी करत करत तीन प्रूफं, म्हणजे छपाईआधीचे नमुने, काढली होती. तो बॉक्स पुढं अकरा वेळा छापला गेला.

"हे तू केलंस होय?"

सोळा मागितले होते, साडेचौदा मिळाले.

तेव्हा आधी वही करा. बेदाणा आणि लग्नसराई ऐन भरात असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये मागा. दिवाळीत बोनस हातावर ठेवला की विषय संपतो. वाढ मूळ पगारातच मागा, भत्त्यात नको, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी मुख्यतः मूळ पगारावर मोजतात. 'डिझाइन माझं आहे' म्हणून हक्क सांगायला जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा: वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो. एकदा दिलेलं डिझाइन कायमचं जातं, म्हणून त्याचं मोल पगारातच यायला पाहिजे.

हां, दोन-तीन माणसांचा छापखाना असेल आणि मालकांचीच ओढाताण चालली असेल, तर वहीनंही काही होणार नाही. तिथं निदान सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायची परवानगी लेखी घ्या.

दादा अजून म्हणतो, थांबला असतास तर मालकांनी दिलेच असते. दादा, तो बॉक्स मी केलाय हेच त्यांना चार वर्षं ठाऊक नव्हतं.