कुळ कॉली, घराणं वेलस्ली, किताब मॉर्निंग्टन

एका ब्रिटिश अर्लच्या घराण्याचा इतिहास मराठीत आणणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्यासमोरच्या मजकुरात रिचर्ड वेलस्लीचा उल्लेख 'सेकंड अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' असा आहे, आणि त्यांनी केलेलं वाक्य असं: 'मॉर्निंग्टनचा दुसरा सरदार रिचर्ड वेलस्ली निःसंतान वारला व त्याची सरदारकी नष्ट झाली.' 'सरदार' त्यांना खटकतंय. 'जहागीरदार' करू का, की 'उमराव', असं त्यांनी विचारलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. 'अर्ल' हा इंग्रज उमरावांचा एक किताब; तो शब्द अर्लच राहू द्या. त्याच्या आजूबाजूला येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मात्र आपल्याकडे शब्द आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो इंग्रजीपेक्षा नेमका आहे. तुमच्या वाक्यात 'सरदार' तर चुकलाच आहे, पण 'निःसंतान' आणि 'नष्ट' हे दोन शब्द त्याहून जास्त चुकलेत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

सरदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पदरी पथक बाळगणारा, त्यासाठी सरंजाम खाणारा आणि बोलावणं आलं की घोड्यावर बसणारा माणूस येतो. मॉर्निंग्टनच्या अर्लकडे यातलं काही नव्हतं. पहिला अर्ल गॅरेट तर संगीतकार होता, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा संगीताचा पहिला प्राध्यापक. त्याला सरदार म्हणणं कानाला कसं लागतं बघा. जहागीरदारही बसत नाही. जहागीर म्हणजे तोडून दिलेला मुलूख किंवा त्याचा महसूल. ती गेली की जहागीरदारी गेली. मॉर्निंग्टन हे आयर्लंडच्या मीथ परगण्यात बॉइन नदीच्या मुखाशी असलेलं गाव. गावाचं नाव किताबात आहे, पण किताबामुळे गाव मिळत नाही. त्याच परगण्यात डँगनला या घराण्याचा वाडा होता, गॅरेटचा जन्म तिथलाच. रिचर्डने १७९३ च्या सुमारास तो विकून टाकला, आणि तरी अर्ल तो अर्लच राहिला.

'उमराव' चांगला शब्द आहे, पण तो साऱ्या वर्गाला. मुळात तो अरबीतल्या 'अमीर'चं अनेकवचन. आपण तो एकवचनासारखा वापरायला लागलो. लॉर्ड्सच्या सभागृहाला 'उमरावसभा' म्हणतात ते योग्यच आहे. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन असे उतरत्या मानाचे पाचही जण उमराव. मग अर्ललाच उमराव म्हटलं, तर त्याच्या वरच्या मार्क्विसला काय म्हणणार? आणि या कहाणीत रिचर्ड अर्लचा मार्क्विस होतो, म्हणजे अडचण पुढच्याच पानावर येणार.

शिवाय या पाचांत अर्ल सगळ्यात जुना. इंग्लंडवर डॅनिश राजा कनूट आला, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, तेव्हा मोठमोठ्या प्रांतांचे अधिकारी या नावाने ओळखले जाऊ लागले. उत्तरेकडचा 'यार्ल' आणि जुन्या इंग्रजीतला 'एओर्ल' हे एकाच कुळातले शब्द. १०६६ नंतर नॉर्मन आले. त्यांच्या फ्रेंचमध्ये याच मानाचा शब्द 'काउंट' होता, पण इंग्लंडात अर्ल टिकला. फक्त बायकोच्या बाबतीत फ्रेंच शब्दाने बाजी मारली: अर्लची बायको काउंटेस, आणि परगणा तो काउंटी. म्हणून पाटलीण, देशमुखीण या चालीवर 'अर्लीण' करू नका. १३३७ मध्ये पहिला इंग्लिश ड्यूक झाला, तोवर राजघराण्याखालोखाल मान अर्लचाच होता.

मराठीत याला नेमका शब्द आहे 'किताब'. फारसी-अरबीतला 'खिताब' आपल्या तोंडी 'किताब' झाला आणि पुस्तकवाचक 'किताब'शी जाऊन मिळाला, पण अर्थ पक्का राहिला: दरबाराने दिलेलं मानाचं नाव. नागपूरकर भोसल्यांचा किताब सेनासाहेबसुभा, गायकवाडांचा सेनाखासखेल, आंग्र्यांचा सरखेल. हे शब्द आपण कधी उलथून मराठी करतो का? 'सेनाखासखेल' लिहितो आणि पुढे जातो. अर्ललाही तोच न्याय द्यावा. विभक्ती लावताना अर्लने, अर्लला, अर्लांनी. भाववाचक हवं असेल तर 'अर्लपद'. पाटीलकीच्या वजनावर 'अर्लकी' करायचा मोह मलाही झाला होता. पण पाटीलकीत जमीन आहे, मानपान आहेत, गावचा कारभार आहे, आणि ती विकताही येत असे. अर्लपद कुणाला विकता येत नाही, म्हणून तो शब्द मी सोडून दिला.

आता घराणं. इंग्रजी लेखक 'फॅमिली' या एकाच शब्दावर भागवतो. आपण कुळ, घराणं, आडनाव आणि किताब वेगवेगळे ठेवतो, आणि या कहाणीत ते वेगळे ठेवले नाहीत तर वाचक हमखास गोंधळतो.

या लोकांचं रक्ताचं कुळ कॉली. रिचर्ड कॉली नावाच्या गृहस्थाला १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली या नातलगाची मालमत्ता मिळाली आणि त्याने वेस्ली हे आडनाव लावलं. आपल्याकडे ऐकणारा लगेच म्हणेल, 'दत्तक गेला.' परिणाम तसाच दिसतो खरा, पण तो शब्द इथे वापरू नका. दत्तकविधान हा प्रकारच तेव्हा इंग्रजी कायद्यात नव्हता. 'वारसा मिळाला आणि त्यांचं आडनाव लावलं' एवढंच लिहावं. हा रिचर्ड कॉली १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. त्याचा मुलगा तो संगीतकार गॅरेट. तो १७६० मध्ये अर्ल झाला. गॅरेटचा थोरला मुलगा म्हणजे तुमचा रिचर्ड, १७६० चाच जन्म. त्याने आडनावाचं जुनं लांब रूप पुन्हा घेतलं: वेलस्ली. धाकटा आर्थर मात्र बरीच वर्षं आपली सही 'वेस्ली' अशीच करत राहिला; 'वेलस्ली' अशी सही तो करू लागला ती मे १७९८ मध्ये, हिंदुस्थानात आल्यावर. पाच-सहा अक्षरांच्या सहीत जुनं घराणं परत आलं, हे मला फार बोलकं वाटतं.

आता थोरल्याच्या सह्या पाहा. उमराव सही करतो ती नुसत्या किताबाची. त्यात स्वतःचं नाव नसतं, आडनावही नसतं. रिचर्ड लहानपणी व्हायकाउंट वेलस्ली, कारण अर्लच्या थोरल्या मुलाने बापाचा खालचा किताब मानापुरता लावायचा असतो. १७८१ मध्ये वडील वारले आणि तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला. मे १७९८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला तेव्हा त्याची सही 'मॉर्निंग्टन' होती. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि डिसेंबर १७९९ मध्ये त्याला मार्क्विसपद मिळालं. तिथून सही 'वेलस्ली'. किताब आयर्लंडच्या मानाचा होता, ब्रिटनच्या नाही, म्हणून तो इतका चिडला की त्याने त्याला दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटलं.

म्हणजे श्रीरंगपट्टणच्या लढाईच्या वेळचा 'लॉर्ड मॉर्निंग्टन' आणि वसईच्या तहाच्या वेळचा 'लॉर्ड वेलस्ली' हा एकच माणूस. आपण शाळेत 'तैनाती फौज' ज्याच्या नावाने पाठ केली तोच हा. आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो जनरल वेलस्ली म्हणजे धाकटा आर्थर, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठी लेखनात या दोघांची गल्लत इतक्यांदा दिसते की तुम्ही पहिल्याच पानावर एक ओळ खर्चून फोड करावी, अशी माझी विनंती आहे.

'लॉर्ड' आणि 'सर' यांचा फरक यातच उलगडतो. लॉर्डच्या पुढे किताब येतो, सरच्या पुढे माणसाचं स्वतःचं नाव. म्हणून 'सर आर्थर' बरोबर, 'सर वेलस्ली' चूक. आणि 'लॉर्ड मॉर्निंग्टन' बरोबर, 'लॉर्ड रिचर्ड' चूक. आपल्या लोकांनी हा 'लॉर्ड' कानाने उचलून त्याचा 'लाट' केला: लाटसाहेब, आणि सरसेनापतीला जंगी लाट. या लाटात अर्ल, मार्क्विस, बॅरन सगळे एकाच मापाने मोजले गेले, आणि मला वाटतं आपला आजचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

'दुसरा' या शब्दाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. नाशिकला उपाध्यांकडे एकदा आमच्या घराण्याची नोंद पाहायला गेलो होतो. लांबट चोपडी, कडा झिजलेल्या, आजोबांची मोडीतली सही, आणि वर-खाली सगळे भाऊ, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. कोणी काय कमावलं, कोण थोरला, कोण धाकटा, याने कुणाची ओळ गळत नाही. तिथे मोजतात त्या पिढ्या. अर्लांचा आकडा पिढ्यांचा नसतो, किताब धारण करणाऱ्यांचा असतो. मॉर्निंग्टनचा पहिला अर्ल बाप आणि दुसरा मुलगा, इथपर्यंत दोन्ही हिशेब जुळतात. तिसरा अर्ल दुसऱ्याचा भाऊ विल्यम. चौथा विल्यमचा मुलगा, पाचवा त्याचा मुलगा. पाचवा १८६३ मध्ये अविवाहित वारला आणि सहावा झाला आर्थरचा मुलगा, दुसरा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे किताब थोरल्या पातीतून मधल्या पातीत गेला आणि तिथून धाकट्या पातीत आला. 'पाती' हा शब्द जरूर वापरा. देवासच्या पवारांची थोरली पाती, धाकटी पाती आपल्याला ठाऊक आहे, आणि इंग्रजी 'ब्रँच'साठी 'शाखा' लिहिण्यापेक्षा त्यात घराचा वास आहे.

'तक्षीम', म्हणजे वतनातला वाटा, हा शब्द मात्र इथे येणार नाही. वतनाच्या तक्षिमा भावांत पडत, वडीलकी तेवढी थोरल्याकडे. इंग्रजी किताबाचे भाग पडत नाहीत. सगळं थोरल्याला, बाकीच्यांना नावामागे 'ऑनरेबल' एवढंच. गॅरेटचे पाच मुलगे जगले. त्यातला एक घरचा किताब घेऊन बसला आणि इतरांना पलटण, पार्लमेंट, चर्च किंवा वकिलातीचा रस्ता धरावा लागला. आर्थर ड्यूक झाला तो स्वतःच्या लढायांवर, घरच्या वाट्यावर नव्हे.

विल्यमच्या पातीतली आडनावं बघण्यासारखी आहेत. त्याला पोल नावाच्या कुटुंबाची बॅलिफिनची इस्टेट मिळाली, म्हणून तो वेलस्ली-पोल. त्याच्या मुलाने १८१२ मध्ये कॅथरिन टिल्नी-लाँग या अतिश्रीमंत वारसदार मुलीशी लग्न केलं आणि तो झाला पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली. त्यातल्या जोडरेषा गाळू नका, त्यांच्यामागे एकेक वारसा आहे. या चौथ्या अर्लने बायकोची दौलत उधळली. लंडनजवळच्या वॉन्स्टेडच्या तिच्या वाड्यातलं सामान १८२२ मध्ये महिनाभर लिलावात विकलं जात होतं, आणि मग वाडाच पाडून त्याचं सामान विकलं गेलं.

आता तुमचं वाक्य. रिचर्ड निःसंतान नव्हता. यासिंथ-गॅब्रिएल रोलाँ या फ्रेंच नटीपासून त्याला पाच मुलं होती. तिच्याशी त्याने १७९४ मध्ये लग्न केलं, पण मुलं त्याआधीची. नंतर लग्न झालं म्हणून इंग्रजी कायद्यात ती किताबाची वारस होत नव्हती. यातल्या ॲन या मुलीच्या वंशात पुढे राणी दुसरी एलिझाबेथ जन्मली. तिच्या आईच्या बाजूने हा धागा लागतो. अशा माणसाला निःसंतान लिहिणं त्या पाच मुलांवर अन्याय आहे. आपल्या धर्मशास्त्राने आणि कोर्टांनी घासून घासून तयार ठेवलेला शब्द इथे चपखल बसतो: औरस. त्याला औरस संतती नव्हती.

'नष्ट'चंही तसंच. त्याच्याकडे दोन वेगळे किताब होते. मार्क्विसपद त्याच्यापासून सुरू झालं होतं, ते फक्त त्याच्या औरस मुलालाच मिळालं असतं, ते संपलं. अर्लपद बापापासून आलेलं, म्हणून ते भावाकडे गेलं. असंच डलहौसीचं. सातारा, झाशी, नागपूर ही संस्थानं दत्तक नामंजूर करून त्याने खालसा केली. तो स्वतः १८६० मध्ये वारला तेव्हा त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. त्याचं मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपलं, आणि जुनं डलहौसीचं अर्लपद चुलतभावाकडे गेलं. अशा वेळी किताबाला 'लोपला' म्हणावं. 'खालसा' म्हणू नये, कारण कुणी तो जप्त केलेला नसतो; 'वंश खुंटला'ही म्हणू नये, कारण रक्ताचा वंश पुष्कळदा चालूच असतो.

तेव्हा मी ते वाक्य असं लिहीन: 'मॉर्निंग्टनचे दुसरे अर्ल, मार्क्विस रिचर्ड वेलस्ली १८४२ मध्ये वारले. त्यांना औरस संतती नसल्यामुळे मार्क्विसचा किताब लोपला, आणि अर्लपद धाकटे बंधू विल्यम यांच्याकडे गेले.'