फुलांची सावर (म्हणजे आंबट चवीची) बिअर फुलांमुळे आंबट होते का? आणि ती वर्षभर का मिळत नाही?

फुलांमुळे नाही होत. म्हणजे एक अपवाद आहे, त्यावर येतोच. मी एका छोट्या ब्रुअरीत दोन वर्षं काम केलंय, टाक्या धुण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

आंबटपणा बॅक्टेरियाचा असतो. लॅक्टोबॅसिलस, दह्याच्या विरजणातल्या मंडळींचाच भाऊबंद. मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी असतं त्याला वर्ट म्हणतात, ते उकळून ४० अंशांच्या आसपास आणायचं, त्यात हे विरजण सोडायचं आणि एक-दोन दिवस झाकून ठेवून द्यायचं. साध्या बिअरचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.२ ते ४.५ असतो, हिचा ३.२ ते ३.५ पर्यंत उतरतो. उतरला की परत उकळी, बॅक्टेरियाचं काम संपलं, मग यीस्ट, साखरेचं अल्कोहोल करणारं. ह्याला केटल सावर म्हणतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी बोंडं, मात्र आधी घालायचे नाहीत, ते ह्या बॅक्टेरियाला वाढू देत नाहीत. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो आणि मग तिसऱ्या दिवशी पण गोडच कसं लागतंय म्हणून टाकीत डोकावत बसतो.

आता फुलं. उकळत्या वर्टमध्ये टाकली तर बहुतेक वास वाफेबरोबर उडून जातो, सगळ्या ब्रुअरीभर घमघमाट आणि ग्लासात काहीच नाही. म्हणून यीस्टचं काम (फर्मेंटेशन) उरकल्यावर कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडायची, दोन-तीन दिवस, आणि रोज चाखायचं. हे रोज चाखणं मी एकदा टाळलं. २० लिटरच्या ट्रायलला ४० ग्रॅम वाळलेलं लॅव्हेंडर, शनिवारी टाकलं ते थेट बुधवारी काढलं. पहिला घोट घेतला तर अंघोळीचा साबण! सगळी मोरीत ओतली.

अपवाद म्हणजे हिबिस्कस. लेबलवर वाचून सगळ्यांना जास्वंद वाटते, पण ती आपली जास्वंद नाही, ती लाल अंबाडी. त्यातही पाकळ्या नाहीत, पाकळ्या गळल्यावर बोंडाभोवती जो जाडसर लाल भाग उरतो तो वापरतात, आणि तो स्वतःच चांगला आंबट असतो. रंग अँथोसायनिन ह्या नैसर्गिक रंगद्रव्याचा, आम्लात तो लालभडक राहतो, म्हणून सावरमध्ये असा मस्त दिसतो. वास म्हणाल तर बेताचाच, हे माझं मत.

आणि वर्षभर का नाही? हिबिस्कस वाळवलेलं कधीही मिळतं, ती बिअर उन्हाळ्यात काढतात कारण तेव्हा खपते, बस. खरी अडचण ताज्या फुलांची. एल्डरफ्लॉवर युरोपात मे-जूनमध्ये काही आठवडेच फुलतं, पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ, तोडले की लवकर वापरावे लागतात, नाहीतर काळे पडतात. त्या काळात टाकी रिकामी नसेल तर गेलं वर्ष. ब्रुसेल्सच्या कांतियाँ ब्रुअरीची मामूश ही बिअर अशीच, लँबिक नावाच्या तिथल्या आंबट बिअरमध्ये एल्डरफ्लॉवर. लँबिकचं तर अजून वेगळं, त्यात विरजण घालतच नाहीत, उघड्या पसरट हौदात वर्ट रात्रभर गार करतात आणि हवेतलं जे पडेल ते पडेल, म्हणून ती थंडीच्या दिवसांतच करतात आणि मग पिंपात वर्ष-दोन वर्षं ठेवतात. म्हणजे बिअर एका ऋतूतली, फुलं दुसऱ्या.

घेताना बाटलीवरची तारीख बघा. आंबटपणा टिकतो पण फुलांचा वास काही महिन्यांत उतरतो, त्यामुळे 'मुरेल' म्हणून कपाटात ठेवू नका, थंड करा आणि त्याच आठवड्यात उघडा. आणि ग्लास तोंडापर्यंत भरू नका, वर थोडी जागा सोडा, वास तिथेच जमतो.